कूस बदलताना

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



वाचनालयाच्या कार्यवाहांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मी त्यांना म्हटलं, घरातल्या अवघड दिवसांत छोटे आनंद शोधावेत कसे, हे मला काही येत नाही. लोकांना सापडलेले आनंद मी पाहिलेत, त्यावर बोलते. ते 'चालेल की' म्हणाले आणि पत्रिकेवर मूळचाच विषय छापून मोकळे झाले. त्यामुळे उपाय ऐकायला जे आले असतील त्यांनी आधीच मला माफ करावं.

माझं काम फिजिओथेरपीचं. दवाखान्यात बसून करायचं नव्हे, घरोघरी जाऊन करायचं. सांगली आणि मिरज या दोन गावांतल्या जिन्यांशी माझी चांगली ओळख आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथं ऑपरेशनला येतात. ऑपरेशन होतं, टाके निघतात, पेशंट घरी येतो आणि खरं प्रकरण तिथून सुरू होतं. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ असते: दर दोन तासांनी कूस बदलणे. ओळ अगदी बरोबर आहे. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की माकडहाडापाशी, खुब्यापाशी, टाचेपाशी रक्त नीट पोचत नाही. कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि एकदा बेडसोर झाला की भरून यायला महिने लागतात. पण दर दोन तासांनी म्हणजे रात्री बाराला, दोनला, चारला आणि सहालाही. तेव्हा उठायचं कोणी, हे कार्डावर नसतं. घरात मात्र ते न बोलता ठरलेलं असतं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलोय त्या बाईंनाही हे चांगलं माहीत होतं. त्यांचं नाव व्यासपीठावरच्या फलकावर आहे, मी ते पुन्हा पुन्हा घेत नाही. या वाचनालयात त्यांना सगळे 'बाई'च म्हणत. देवघेवीच्या खिडकीत त्या उभ्या असायच्या तेव्हा घरी त्यांचे यजमान अंथरुणावर होते, हे कित्येक सभासदांना पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता मी पाहिलेलं एक घर सांगते. आजोबा निवृत्त तलाठी. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. तहान लागली तरी 'पाणी' हा शब्द मात्र ओठावर येत नव्हता. तांब्याकडे बोट दाखवायचे, तोंडातून भलतंच काहीतरी निघायचं, मग चिडून डाव्या हातानं गादीवर आपटायचे. आयुष्यभर सात-बाराच्या नोंदी बिनचूक ठेवलेला माणूस, त्याला स्वतःच्या बायकोचं नाव घेता येईना. घरात महिनाभर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एका संध्याकाळी सून देवाजवळ दिवा लावून गणपतीची आरती म्हणायला लागली, आणि आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला. चालीत, शब्दांसकट, एकही कडवं न चुकता. सून निरांजन हातात घेऊन तशीच दारात येऊन उभी राहिली. आरती संपली. तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल खणखणला आणि आजोबांनी स्वच्छ, खणखणीत उच्चारात 'च्यायला' म्हटलं. सासूबाई तोंडाला पदर लावून जे हसायला लागल्या त्या थांबेनात.

यात चमत्कार काही नाही. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरनं असा एक रुग्ण तपासला होता, ज्याला जवळजवळ एकच अक्षर म्हणता येत होतं. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाशी बोलण्याचं नातं आहे, हे तिथून लोकांच्या ध्यानात आलं. पण पाठ झालेली आरती, एक-दोन-तीन-चार, चालीवरची गाणी आणि शिव्या, हे पुष्कळदा शाबूत राहतं. नवं वाक्य जुळवावं लागतं, हे जुळवावं लागत नाही. 1973 च्या सुमारास बॉस्टनमधल्या तज्ज्ञांनी याच आधारावर सुरांतून बोलणं शिकवण्याची एक पद्धत मांडली. हे सगळं मी सुनेला समजावून सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला, ''म्हणजे बोलायला लागतील का?'' मी म्हटलं, ते आत्ता सांगता येणार नाही. तिनं मान हलवली. पुढं ती रोज संध्याकाळी आरतीत मधेच एका शब्दाशी थांबायची आणि तो शब्द आजोबा भरायचे. मला एकदा हळूच म्हणाली, ''ताई, खरं सांगू का, मी आरतीपेक्षा त्या च्यायलाची वाट बघते.''

त्या पहिल्या आरतीच्या रात्रीही डायपर बदलावंच लागलं. त्या आनंदानं दुखणं हलकं झालं असं मी म्हणणार नाही, कारण झालं नाही. पण त्या घरात लोक पुन्हा नेहमीच्या आवाजात बोलायला लागले, एवढं मी पाहिलं.

मला एका गोष्टीचा मात्र राग आहे आणि ती इथंच बोलून टाकते. पेशंटला भेटायला येणारे. शहाळी घेऊन येतात, पेशंटच्या उशाशी बसतात आणि घरातल्या बाईला सांगतात, ''तू स्वतःची काळजी घे हं. पॉझिटिव्ह राहायचं. लहान लहान गोष्टींत आनंद शोधायचा.'' हे ऐकत ती बाई चहा टाकत असते. पाचजण आले तर पाच कप, आणि त्यातला एक बिनसाखरेचा. ते गेल्यावर कपबशा विसळायच्या, आणि तोवर कूस बदलायची वेळ होऊन गेलेली असते. छोट्या आनंदावरची आपली बरीचशी प्रवचनं ज्याला उसंत आहे त्यानं, ज्याला ती नाही त्याला दिलेली असतात. हे व्याख्यानसुद्धा त्यात जमा होऊ नये म्हणून मी धडपडते आहे.

2020 साल आठवा. 24 मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण झालं आणि 25 तारखेपासून करोनामुळे सगळा देश बंद. त्या दिवशी गुढीपाडवा होता. आदल्या रात्री लोक किराणा दुकानांकडे धावले ते डाळ-तांदळासाठी, साखरेच्या गाठी कुणाला सुचणार? कित्येक घरांत त्या वर्षी गुढीला गाठी नव्हत्या, फुलांचा हार नव्हता. कुणी घरातलीच साखर आटवून वाटीत गाठी पाडल्या, कुणी बाल्कनीतल्या कुंडीतली दोन सदाफुलीची फुलं बांधली. त्याचे फोटो एकमेकांना गेले. आणि त्याच आठवड्यात रस्त्यानं माणसं पोरांना खांद्यावर घेऊन आपापल्या गावाकडे चालत निघाली होती. 'घरातच थांबा' हा हुकूम चार खोल्यांच्या घराला एक आणि धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीला दुसराच.

त्या दिवसांतलं एक सांगण्यासारखं आहे. बाहेरून आलेली दुधाची पिशवी आपण साबणानं धुवायचो. भाजी सोड्याच्या पाण्यात. नोटांना इस्त्री करणारे महाभागही मी पाहिलेत. तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवली. 1934 पासून भागाभागानं आलेलं हे पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेल. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्याचा धक्का बसून वडिलांच्या डोक्यात सोवळ्यानं घर केलं. बाहेरचा जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर काय उरतं ते सांगायला नको. लहान मुलांच्या दृष्टीनं ते घर म्हणजे छळच होता. पण ती पानं वाचताना हसू येतं, आणि ते हसू लक्ष्मीबाईंनी ठरवून आणलेलं आहे. त्यांना पुढं काय काय सोसावं लागलं ते आपण जाणतो. 1895 मध्ये नवऱ्यानं धर्म बदलला, संसार मोडला, काही वर्षांनी वेगळ्याच पायावर पुन्हा उभा राहिला. या बाईनं त्यातलं काही लपवलं नाही, पण ज्या प्रसंगात हसण्यासारखं होतं तिथलं हसू टाकलंही नाही. दुःखाचा हिशेब पुरा द्यायचा म्हणून गमतीची रक्कम त्यातून कुणी वजा करू नये, इतकंच मला त्यातून घ्यावंसं वाटतं.

आता अशाच एका आजाऱ्याच्या घरासाठी मला जपानात जायचंय. आपल्याकडे शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तो तुम्हा वाचकांना माहीत आहे. त्या काव्यप्रकाराला हायकू हे नाव ज्यानं रूढ केलं तो कवी मासाओका शिकी. जन्म 1867, गाव मात्सुयामा. तरुणपणी बेसबॉलचा वेडा. 1895 मध्ये वार्ताहर म्हणून चीनला गेला आणि परतताना बोटीवर रक्त ओकला. क्षय मणक्यात उतरला. शेवटची वर्षं तोक्योच्या नेगिशी भागातल्या एका लहान घरात अंथरुणावर गेली. सोबत आई आणि धाकटी बहीण रित्सु. पाठीला जखमा होऊन त्यांतून पू वाहायचा, आणि रोजची पट्टी बदलताना हा माणूस ओरडायचा. पट्टी बदलायची रित्सु.

त्या खोलीच्या दाराला आधी कागद होता. 1899 च्या शेवटी ताकाहामा क्योशी या त्याच्या शिष्यानं तिथं काच बसवून दिली. एवढ्या एका गोष्टीनं शिकीला अंगण मिळालं. अंगण ते केवढं! पण त्यात कोंबड्याची लाल फुलं होती, मांडवावर घोसाळ्याचा वेल होता. घोसाळं म्हटल्यावर आपल्याला भजी आठवणार. तिथं त्या वेलाचं पाणी धरून ठेवत, ते कफावर देत. शिकीनं त्या घोसाळ्यांची चित्रं काढली. मॉर्फिन घेतल्यावर थोडा वेळ उसंत मिळायची, त्यात तो फुलं आणि फळं रंगवायचा. 'निप्पॉन' या वर्तमानपत्रात तो मे 1902 पासून रोज एक स्फुट लिहीत होता. त्याला विश्रांती मिळावी म्हणून संपादकानं एक दिवस मजकूर गाळला, तर त्यानं कळवळून लिहिलं की हे छापून आलेलं पाहणं एवढंच माझं जगणं उरलंय, ते तोडू नका. शेवटचं स्फुट 17 सप्टेंबरला आलं, 19 ला तो गेला. पस्तीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

याखेरीज 1901 च्या सप्टेंबरपासून त्यानं एक खासगी वही ठेवली होती, छापायची नाही म्हणून. तिच्यात रोज काय खाल्लं ते लिहिलेलं आहे. सकाळी पेज किती वाट्या, दूध-कोको, गोड पाव किती, नासपती किती, कच्च्या माशाचे काप. एवढ्या आजारात हा माणूस इतकं खातो कसा, असं वाचणाऱ्याला वाटतं. मला पेशंट माहीत आहेत, मला तसं वाटत नाही. ज्याला कूससुद्धा स्वतः बदलता येत नाही त्याच्या दिवसात स्वतःचं म्हणावं असं जेवणच उरतं. त्याच वहीत, 13 ऑक्टोबरच्या पानावर, आई बाहेर गेलेली आणि बहीण न्हायला गेलेली असताना जीव देण्याचा विचार कसा उसळून आला तेही लिहिलेलं आहे. ज्या वहीत नासपती, त्याच वहीत हे. छोट्या आनंदाची पुस्तकं लिहिणारे शिकीचं नाव घेतात तेव्हा ते पान बहुधा उलटून पुढं जातात.

पण मी ज्या पानासाठी हे सगळं सांगतेय ते आणखी वेगळं. तिथं तो रित्सुवर चिडलेला आहे. ही कर्तव्य करते, पण हिला सहानुभूती नाही, असं त्याचं म्हणणं. उदाहरण काय? तो पुन्हा पुन्हा म्हणतो, दांगो खावासा वाटतो. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या. समजूतदार माणूस लगेच जाऊन घेऊन येईल. ही मुळीच जात नाही. 'आण' म्हणून सांगितलं तरच आणते. हे वाचलं आणि मला माझी निम्मी गिऱ्हाइकं आठवली. 'मी काही मागत नाही हो, पण आज पोह्यांचा वास आला नाही' असं भिंतीकडे बघून बोलणारे.

आणि मग पुढं तोच माणूस त्याच वहीत लिहितो की रित्सु नर्स आहे, मोलकरीण आहे, घर चालवणारी आहे, माझी कारकूनही आहे. आणि ती जेवते काय, तर जरा भाजी किंवा लोणचं. मासा स्वतःसाठी विकत आणावा हे तिच्या स्वप्नातही येत नाही. ती एक दिवस नसली तर घराचं चाक थांबेल.

श्रोतेहो, त्या घरातला माशाचा काप आणि नासपती शिकीच्या ताटात आहे. लोणचं रित्सुच्या. आणि काचेच्या दारातून दिसणारं अंगण वाङ्मयात गेलं, ते झाडलं कोणी याची नोंद नाही. मी शिकीला दोष देत नाही. त्यानं निदान लिहून ठेवलं, आपण तेवढंही करत नाही. पण घरातला छोटा आनंद आपण वाऱ्यावर आल्यासारखा मानतो, तसा तो येत नाही. वेलाला कोणीतरी मांडव घातलेला असतो. आजोबांना गवती चहाचा वास आवडतो, आजीला उन्हात खुर्ची हवी, नातवाला शेवटच्या पोळीचा लाडू. हे सगळं कोणीतरी करतं, आणि ते करणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, त्यांना आनंदात बघून तुलाही आनंद होत असेल ना? होतो, नाही असं नाही. पण तो दुसऱ्याच्या ताटातला आनंद झाला.

सेवा करणाऱ्यांचा स्वतःच्या ताटातला आनंद मी फार जवळून पाहिलाय, कारण व्यायाम देत असतो तो अर्धा-पाऊण तास त्या घरात मीच पेशंटजवळ असते. त्या वेळात घरातली बाई काय करते? पहिले काही दिवस दारात उभी राहते. मग विश्वास बसला की नाहीशी होते. एक जण कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची. कपडे चार, वेळ अर्धा तास. वर जाऊन काय करता विचारलं तर म्हणाली, ''कठड्याला टेकून लोकांच्या पाण्याच्या टाक्या भरून वाहतात ते बघते. आपली नाही ना, मग मजा वाटते.'' दुसरी आंघोळ करायची. सकाळची नव्हे, ती घाईत उरकलेली असायची. ही दुसरी, फक्त गरम पाण्याची. तिसरीचं तर मला फार कौतुक आहे. पेशंट सांभाळणारी ब्यूरोची मावशी वेळेवर आली की ती दर गुरुवारी दुपारी सिटी बसनं सांगलीहून मिरजेला जायची, आणि उतरून समोरच्या बसनं परत. काम काही नाही. खिडकीची जागा मिळावी एवढीच अपेक्षा. सासऱ्यांच्या औषधाला गेले होते, असं घरी सांगायची. औषध आधीच आणून पर्समध्ये ठेवलेलं असे.

हे तिला लपवावं का लागलं? घरातली माणसं वाईट होती असं मुळीच नाही. पण आजाऱ्याच्या घरात निरोगी माणसानं विनाकारण खिडकीत बसून जावं, हे आपल्याला पचत नाही. औषधाचं कारण लागतं. आणि ब्यूरोच्या मावशीचं तर कुणी विचारतच नाही. ती बारा तासांची पाळी करते, आमचा पेशंट उचलते, आणि घरी गेल्यावर तिच्याही सासूची कूस बदलायची असते. एका घरी मावशी आणि आजी मिळून दुपारी मोबाइलवर जुने सिनेमे बघायच्या. मुलानं हरकत घेतली, पैसे कामाचे देतो म्हणाला. आजीच भडकल्या, ''मला एकटीला बघायला लावतोस का?'' मग सिनेमे चालू राहिले.

रित्सुचं पुढं काय झालं ते सांगते. भाऊ गेल्यावर, तिशी ओलांडलेली ही बाई मुलींच्या व्यवसायशाळेत विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. शिवणकाम शिकली आणि पुढं तिथंच शिक्षिका झाली. 1941 पर्यंत जगली. नेगिशीचं ते घर तिनं सांभाळलं. तिनं स्वतःची वही ठेवली असती तर मी आज तिच्यावर बोलले असते.

आता बाईंचं. देवघेवीच्या खिडकीत कुणी अशी थकलेली माणसं आली, डोळ्यांखाली काळं, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी, तर बाई त्यांना ओळखायच्या. अशा माणसाला आपण काय देऊ? अध्यात्म, नाहीतर मनःशक्ती. बाई त्यांना बाबूराव अर्नाळकर द्यायच्या. झुंजार, काळा पहाड. एका प्राध्यापकबाईंनी नाक मुरडलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, ''रात्री दोन ते चारच्या मधे वाचायला हेच बरं. मधेच ठेवावं लागलं तरी खुनी कुठं जात नाही.'' अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे साठा संपायची भीती नव्हती. ही शिफारस बाईंनी कुठल्या समीक्षाग्रंथातून काढली नव्हती. त्या स्वतः रात्री दोनला जाग्या असायच्या.

म्हणून शेवटी कार्यवाहांकडे एक मागणं आहे, आणि ते मी लेखी आणलंय. आपल्या वाचनालयाच्या सभासदांत अंथरुणाला खिळलेला माणूस असलेली घरं किती, याची यादी करा. महिन्यातून दोनदा तिथं पुस्तकं पोचवा. ठळक टाइपाची, हलकी, एका हातात धरता येतील अशी. पण पुस्तक देऊन लगेच फिरू नका. जो सभासद पुस्तक घेऊन जाईल त्यानं पेशंटजवळ दोन तास बसायचं. त्याला वाचून दाखवायचं, नाहीतर गप्प बसायचं. चहा घ्यायचा नाही, ही अट लिहून घ्या. घरातली बाई त्या दोन तासांत कुठं गेली होती हे विचारायचं नाही, हीसुद्धा. कूस कशी बदलायची ते मी शिकवीन, एका रविवारी सकाळी इथंच, या सतरंजीवर. पाठीमागे उशी कुठं, गुडघ्यांच्या मधे उशी कुठं, हात अडकू द्यायचा नाही तो कसा, सगळं तासाभरात येतं. पुरुषांनी जास्त संख्येनं यावं, त्यांना उचलायचा सराव कमी असतो. नावं देवघेवीच्या खिडकीत द्यायची. पहिल्या महिन्यात कुणीच मिळालं नाही तर माझं नाव लिहा. गुरुवारी दुपारी मी मोकळी असते आणि अर्नाळकर बरेचसे वाचलेले आहेत.